तासांची वही

आठवड्याला एकवीस तास, दर कुटुंबामागे.
चुकले तर पुढच्या आठवड्यात भरायचे,
आजारी पडलीस तर बहीण पाठव, भाचा पाठव,
पण वहीतला रकाना रिकामा राहता कामा नये,
असं एदेल्मिरो बजावायचा
आणि कानामागची पेन्सिल काढून जिभेला लावायचा.

आम्ही छत्तीस कुटुंबं. माँटेव्हिडिओच्या कडेला
बंद पडलेल्या लोकरीच्या गोदामाची जमीन,
अकरा वर्षं अर्ज करकरून मिळालेली.
कर्ज सरकारचं, हात आमचे.
मी सुल्मा. रात्री इस्पितळाचे जिने पुसायचे,
सकाळी इथे येऊन वाळू चाळायची.
आमच्यात खरा गवंडी एकच, तोही म्हातारा.
त्याने ओळंबा धरायला शिकवलं:
"दोरी हलतेय तोवर बोलू नकोस.
थांबली की तीच सांगेल भिंत कुठे चुकली."

आणि सगळ्यांत वरचा नियम:
कुठलं घर कुणाचं, कुणालाच ठाऊक नसायचं.
शेवटची खिडकी बसली की चिठ्ठ्या.
तोवर प्रत्येक भिंत परक्याची,
आणि प्रत्येक भिंत, न जाणो, आपलीच.
म्हणून बस चालवणारा विल्मार,
ज्याला स्वतःचे बूटसुद्धा सरळ ठेवताना
कुणी पाहिलं नव्हतं,
छत्तीसच्या छत्तीस न्हाणीघरांत
मगभर पाणी ओतून उकिडवा बसायचा
आणि बघत राहायचा,
पाणी जाळीकडे जातंय की दाराकडे.

जुलैत नदीवरून वारा सुटला की
बोटं घमेल्याच्या कडेला चिकटायची.
त्यातल्याच एका गुरुवारी
भाड्याच्या खोलीचा मालक म्हणाला, महिनाअखेर.
कागद नाही, काही नाही. आवाजही चढवला नाही त्याने.
मी तशीच कामावर आले.
सात नंबरच्या स्वयंपाकघरात फरशी लावत होते,
एक उलटी बसली.
वेलीचं पान खाली मान घातलेलं.
मला दिसलं. माल ओला होता अजून.
काढली असती, पाच मिनिटांचं काम.
नाही काढली.
कुणाचं तरी होणार होतं ते घर,
आणि त्या दिवशी
मला ते बघवत नव्हतं.

वहीत एदेल्मिरोने लिहिलं: सुल्मा, तीन तास.

मग चार महिने बहिणीचा सोफा,
मुलगी आणि मी, डोक्याकडे पाय करून.

नोव्हेंबरात चिठ्ठ्या निघाल्या.
पोरांनी हेल्मेटात हात घालून काढल्या.
मला एकोणीस. कोपऱ्याचं नाही, झाडासमोरचं नाही,
मधलंच, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती.
पहिल्या रात्री मुलीने विचारलं,
इथून कधी जायचं?
झोप, म्हटलं मी.
या प्रश्नाला दुसरं उत्तर देण्याची
सवयच नव्हती माझ्या तोंडाला.

सात नंबर एदेल्मिरोला लागलं.

दोन रविवार टाळले, तिसऱ्या रविवारी गेले.
त्याने तुंब्यातला कडू येर्बा पुढे केला.
त्याची खुर्ची नेमकी त्या फरशीवर होती.
मी सांगून टाकलं. तो गुरुवार, ती खोली,
माल ओला होता, तेही.
त्याने उठून खुर्ची सरकवली.
बराच वेळ खाली बघत राहिला,
दोरी थांबायची वाट बघावी तसा.
मग कपाटातून वही काढली. टाकली नव्हती अजून.
पेन्सिल जिभेला लावली,
जुलैचं पान शोधलं,
तीनच्या आकड्यापुढे काहीतरी लिहिलं.
मला दाखवलं नाही.

खिडकीतून पलीकडची पडीक जमीन दिसत होती.
तिथे दहाबारा माणसं, एकाच्या हातात मोजपट्टी,
एक बाई पोराला कडेवर घेऊन
गवतातून पावलं मोजत चाललेली.

"येतील विचारायला," एदेल्मिरो म्हणाला.
वही त्याने कपाटात ठेवली नाही,
टेबलावरच राहू दिली.
"पाणी गार झालं. थांब, दुसरं तापवतो."